समोरची बैठक उठली तेव्हा

सिनेमात काम करते असं सांगितलं की लोक आधी माझा चेहरा निरखतात, कुठल्या सिनेमात पाहिला ते आठवायचा प्रयत्न करतात आणि मग सभ्यपणे विषय बदलतात. मी कुठेच दिसत नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, घडीच्या स्टुलावर, मांडीवर वही घेऊन बसलेली एक चष्मेवाली बाई असते, ती मी. माझ्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात.

सिनेमा गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. एका घरातले सगळे प्रसंग एकदम उरकतात, मग ते गोष्टीत वीस वर्षांच्या अंतराने का असेनात. त्यामुळे नवरी सोमवारी सासरी येते आणि तिला मागणी गुरुवारी येते. मधल्या काळात तिच्या हातातल्या बांगड्या किती, पेल्यात पाणी किती, पदर कुठल्या खांद्यावर, दाराची कडी लावलेली की काढलेली, हे सगळं जुळलं पाहिजे. ते जुळवणारी मी. चूक झाली तर शिव्या मला आणि चूक झाली नाही तर मी होते हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मूळची मी जामसंड्याची, शाळेत कारकून. एकदा आमच्या शाळेत शूटिंग आलं आणि मास्तरांच्या टेबलावरची घंटा आदल्या दिवशी डावीकडे होती, आज उजवीकडे आहे, हे मी न राहवून सांगितलं. तेव्हापासून या धंद्यात आहे. कोकणात शूटिंग वाढलं तसं माझं काम वाढलं. माझ्या याद्यांची युनिटमध्ये चेष्टा होते. होऊ दे. एका नटाला जेवणाच्या प्रसंगात बांगडा खायचा होता आणि तो प्रत्येक टेकला वेगळ्या बाजूने खायचा. त्या दिवशी मी अकरा बांगड्यांचे काटे नंबर लावून डब्यात ठेवले होते. डबा बघून तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही पोलिसात असायला हवं होतं.” मी म्हटलं, “पाचव्या नंबरचा काटा तुम्ही शेपटीकडून सुरू केला होता. तसाच धरा.”

दुसरा माझा कायमचा वैरी म्हणजे समुद्र. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकांना वाटतं, काल अकरा वाजता पाणी त्या खडकाला लागलं होतं, म्हणजे आज अकरालाही लागेल. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, हे सांगून पटत नाही. मग मी देवगड बंदरातल्या हसनचाचांना फोन लावून स्पीकरवर टाकते. त्यांचा मासेमारीचा ट्रॉलर आहे आणि त्यांच्याकडे दिग्दर्शकांसाठी एकच वाक्य आहे. “गो बाय, तुझ्या सायबाक सांग, दर्या कोनाची वाट बगना नाय. बारा वाजता येवा, नायतर नारळाक पानी घाला.”

हे सगळं मजेचं. यात कोणाचं काही जात नाही. जायची वेळ एकदाच आली, आणि ती सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका गायिकेच्या आयुष्यावर सिनेमा झाला. गायिका म्हटल्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ, रेडिओ, विमानतळ डोळ्यांपुढे येतात. यातलं काहीच नव्हतं. कसालजवळच्या एका वाडीतल्या द्वारकाबाई, आता वय त्र्याहत्तर, भातशेती आणि काजू करत भजन म्हणणाऱ्या. आमच्याकडे डबलबारी भजन चालतं. दोन मंडळी एकमेकांसमोर बसतात, पेटीवर आपापला बुवा, सोबत पखवाज, झांज आणि ओळ झेलणारे कोरसवाले. आधी एकाची बारी, म्हणजे पाळी, मग दुसऱ्याची. भजनही चालतं आणि समोरच्याला चिमटे काढणंही. द्वारकाबाईंच्या तरुणपणी या बैठकीवर बाई बसत नसे. त्या बसल्या. पखवाजाला त्यांचा नवरा. “बायलेच्या पाठी बसता तो,” म्हणून त्याला लोक हिणवायचे. तो म्हणायचा, “फुडे बसाक घसो होयो. तो तिचो आसा.” पुढे त्या इतक्या बाऱ्या म्हणाल्या की पंचक्रोशीत त्यांना कोणी बाई म्हणत नाही, द्वारकाबुवा म्हणतात.

सिनेमाचा दिग्दर्शक निनाद, वय तिशीचं, हुशार, कामाला वाघ. पटकथा मराठीत होती पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली, हल्ली तशीच असते. त्यामुळे जिच्या आयुष्याची ती होती, तिने ती वाचलेली नव्हती. मी पहिल्याच वाचनात याद्या केल्या. एकसष्टावा प्रसंग सिनेमाचा मध्यबिंदू. जत्रेतली द्वारकाबाईंची पहिली मोठी बारी. समोरचा नामांकित बुवा आपल्या बारीत बाईच्या जातीवर इतकं बोलतो की तिची पाळी आल्यावर ती चार ओळी म्हणते, रडू फुटतं, पेटी सोडून ती उठून जाते. बासष्टावा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. तिचा आवाज पूर्ण बसला आहे, नवरा तिला ओवा-मिठाचं गरम पाणी देतो.

वहीत सतरा नंबरला मी लिहिलं: ‘आवाज कशाने बसला? विचारणे.’

आणि विचारलं नाही. गोष्ट काय असावी हे माझं खातं नाही, असं म्हणून पान उलटलं. बासष्टावा प्रसंग आम्ही आधी चित्रित केला, घराचं लोकेशन तेव्हा मिळत होतं म्हणून. नटी छान खरखरली. मी पेल्यातल्या पाण्याची पातळी टिपून घेतली. सतरा नंबर तसाच राहिला. माझ्या वहीत न खोडलेला आकडा मला सहन होत नाही, तरी तो मी दीड महिना सहन केला. याची लाज मला अजून आहे.

जत्रेच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी दुपारी मी द्वारकाबुवांच्या घरी गेले. त्यांची जुनी पेटी आम्ही वापरणार होतो, तिच्या पट्ट्या कुठे झिजल्यात ते बघायचं होतं. त्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होत्या.

“उद्या काय करतास?” त्यांनी विचारलं.

मी पटकथा काढली आणि तो प्रसंग त्यांना वाचून दाखवला. रडण्यापर्यंत आले तशा त्या थांबल्या. हातातलं सूप खाली ठेवलं.

“कोन उठला म्हणतंस?”

“तुम्ही.”

“मी?” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या खळ्यातली बाई डोकावली. “गो चेडवा, मी उठाक नाय. ते उठले! माझी पाळी इली, मी पेटीर हात ठेवलंय, आनि समोरची सगळी बैठक उठान गेली. बायलेची बारी आयकाक बसूचंव नाय म्हणाले. झांजा घेवन गेले, पखवाज घेवन गेले. समोर रिकामा जाजम.”

“मग तुम्ही?”

“मग काय? म्हटलंय. आख्खी बारी म्हटलंय. गौळण, गजर, सगळा. जाजमाक आयकवलंय.”

“लोक?”

“बसले होते. पयले हसले, मगे गप झाले. तुमच्या त्या लिवनाऱ्याक मी सांगलेलंय, सगळे उठान गेले म्हणान. तेका वाटला कार्यक्रमच उठलो.”

लेखकाने बाकीचं जत्रेच्या कमिटीच्या जुन्या स्मरणिकेतून घेतलं होतं. तिच्यात छापलं होतं की महिला बुवांची प्रकृती बिघडल्याने कार्यक्रम आवरता घेतला. समोरचा बुवा कमिटीवर होता, हे त्यात छापलेलं नव्हतं.

मी विचारलं, “दुसऱ्या दिवशी आवाज कशाने बसला?”

त्यांनी माझ्याकडे, शाळेत नापास झालेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. “रडान नाक चोंदता गो. घसो बसाक बारी म्हणूची लागता.”

सतरा नंबर मी तिथेच, खळ्यात उभी राहून खोडला.

निघताना त्या म्हणाल्या, “माझा काय, मी आज आसंय, उद्या नाय. पण ह्या वाडीतली तीन चेडवां आता पेटी शिकतत. ती शिनेमा बगतली. तेंका वाटतला, द्वारकाबुवा पयल्या बारीक रडान पळाली.” मग सूप उचलून, “आनि ते उठले ते परत बसाक इले नाय. येवचे नाय. एकदा बारीत उठल्यार त्या बैठकीर परत बसणत नाय. ती आमची रीत. म्हणान ते हरले. पण तां खंय कोनी लिवल्यान?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी निनादला गाठलं. आम्ही देवळासमोर मांडव घालून तो वरून आणि बाजूंनी काळ्या कापडाने बंद केला होता. जत्रेतली रात्र आम्ही सकाळीच घेणार होतो, हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. आत उकाडा मरणाचा. मी त्याला सगळं सांगितलं.

“ताई, हे भारी आहे,” तो म्हणाला. “पण उशीर झाला. निर्मात्यांनी ही पटकथा मंजूर केलीय. आणि प्रेक्षकाला ती आधी हरलेली दिसली पाहिजे, तर शेवटी जिंकलेली वाटेल.”

“ती हरलीच नव्हती.”

“सिनेमाच्या दृष्टीने म्हणतोय मी.”

“मी पण सिनेमाच्याच दृष्टीने म्हणतेय. बासष्टमध्ये तिचा आवाज बसलाय. चार ओळींनी बसत नाही.”

“रडून बसला.”

“रडून नाक चोंदतं.”

 मग त्याचा आवाज चढला. “ताई, तुम्ही पेले आणि बांगड्या बघा ना. गोष्ट मी बघतो.”

मी वही मिटली. वीस वर्षांत पहिल्यांदाच शूटिंग चालू व्हायच्या आधी मिटली. म्हटलं, “बघतेच आहे. एकसष्ट आणि बासष्ट जुळत नाहीत. माझ्या रिपोर्टवर मी ‘जुळतं’ अशी सही करणार नाही. दुसरं कोणी करत असेल तर बोलवा.” कसालच्या नाक्यावर कंटिन्युइटीवाली मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

शेवटी तो म्हणाला, “बरं. दोन्ही घेऊ. दोन्ही प्रकारे घेऊ, एडिटला ठरवू.”

दोन्ही घेऊ याचा अर्थ या धंद्यात सगळ्यांना कळतो. तुमचं मन राखायला तुमचं घ्यायचं आणि वापरायचं आपलं. मला वाद घालायचा नव्हता. मी म्हटलं, “चालेल. क्रम मी लावते.”

क्रम लावणं माझंच काम. दिवसाच्या यादीत मी लिहिलं: आधी समोरची बैठक उठते तो प्रकार, नंतर बाई उठते तो. खाली त्याची सही घेतली. त्याने न वाचता केली. मी मुद्दाम तसा क्रम लावला का? हो. लावला.

समोरच्या मंडळींची भूमिका करायला आम्ही खरीच भजनी मंडळी आणली होती, जवळच्या गावातली. तालमीला एक गंमत झाली. नटी आमची मुंबईची, पण तिने पेटीवर बोटं टाकून पहिली ओळ म्हटली मात्र, समोरच्या बैठकीतल्या कोरसवाल्यांनी ती सवयीने झेलली. प्रतिस्पर्ध्याचे कोरसवाले बाईला साथ देताहेत!

“कट! अरे तुम्ही तिच्या विरुद्ध आहात!” निनाद ओरडला.

“होय होय,” ते ओशाळून म्हणाले. पुन्हा सुरू. पुन्हा झेलली. चार वेळा असंच. चौथ्यांदा त्यांच्यातला एक जण काकुळतीला येऊन म्हणाला, “सायबा, ओळ इली की तोंड उघडता. आमच्या हातात नाय तां.”

“मग ओळ सुरू व्हायच्या आधीच उठा,” निनाद म्हणाला. “ती पेटीवर हात ठेवते, तुम्ही उठून चालायला लागा. सोपं आहे.”

कोणी हललं नाही. सगळे मागे वळून एका म्हाताऱ्याकडे बघायला लागले. तातूकाका, झांजवाले, वय सत्तरीपुढचं.

“उठाक सांगा नकात,” तातूकाका म्हणाले.

“का?”

“एकदा उठलंय. पुरे.”

मांडवातले पंखेसुद्धा आवाजासाठी बंद केले होते. त्यामुळे ते ऐकू आलं नाही असा माणूस आत नव्हता. तातूकाका त्या जत्रेत, खरोखरच्या त्या बैठकीत, झांज वाजवत होते. वयाने सगळ्यात लहान. बुवा उठला म्हणून उठले. “म्हणान कार्यक्रम आवरतो घेतलो, तां खोटा,” ते निनादला म्हणाले. “आमी देवळाच्या पाठल्यान उभे रवान आयकत होतंव. तिना गजर सोडल्यान तेव्हा माझो हात झांजेर गेलो. बुवान माझ्याकडे असो बगल्यान...”

द्वारकाबुवा मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “ऊठ रे तातू. तेव्हा उठलंस तेव्हा कोनी सांगूक लागलेला नाय. आज कामाक ऊठ.”

मांडव हसला. तातूकाकाही हसले, पण डोळे पुसून.

आता अडचण निराळी. पुण्याच्या गायिकेकडून आधी रेकॉर्ड करून आणलेलं गाणं चारच ओळींचं. पूर्ण बारी कुठून आणायची? द्वारकाबुवा खुर्चीतून उठल्या, दुसरी एक पेटी मागून घेतली आणि वाडीतल्या पखवाजवाल्याला घेऊन नटीच्या मागच्या काळ्या पडद्यामागे जाऊन बसल्या. नटीला म्हणाल्या, “तोंड तुझा, घसो माझो. हलव.” आवाजवाल्याने त्यांच्यापुढे माइक लावला.

आणि मग झालं. नटीने पेटीवर हात ठेवला, समोरची बैठक एकेक करून उठली. झांजा गेल्या, पखवाज गेला, टोपी उचलून बुवा गेला. रिकामं जाजम राहिलं. पडद्यामागून त्र्याहत्तर वर्षांचा आवाज आला, वर जाताना चिरणारा, पण सुराला धरून. नटी त्या जाजमाकडे बघत राहिली. आधीच्या तालमींना ती अभिनय करत होती, आता करत नव्हती. कॅमेरा जाजमावरून तिच्यावर आणि तिच्यावरून जाजमावर.

तीन-चार मिनिटांनी निनाद म्हणाला, “कट. ओके. मंडळी, परत बसा. दुसरा प्रकार.”

मंडळी मांडवाच्या दारात उभी होती. आत आली नाही.

“बसा ना,” निनाद म्हणाला.

“बसूचंव नाय,” तातूकाका म्हणाले.

“अहो, शूटिंग आहे.”

“शूटिंगात उठलंव ना? मगे शूटिंगात बसूचंव पन नाय. उठलेली मंडळी त्या बैठकीर परत बसणत नाय. दुसरी मानसां आना.”

दुसरी भजनी मंडळी आणायला पिंगुळीपर्यंत गाडी गेली असती आणि मांडव, दिवे, देऊळ सगळं आमच्याकडे फक्त त्या दिवसापुरतं होतं. बघ्यांमधले चार जण बसवून पाहू म्हणून सहायकाने विचारलं. बघ्यांमधलं कोणी पुढे आलं नाही. निनाद माझ्याकडे वळला.

“ताई, तुम्हाला ही रीत माहीत होती?”

“हो.”

“आणि तुम्ही क्रम...”

“क्रम यादीत होता. तुमची सही आहे.”

तो रागावला, खूप रागावला, आणि त्याच्या जागी मीही रागावले असते. त्याच्या पुढच्या सिनेमाला त्याने मला बोलावलं नाही. तेही त्याच्या जागी बरोबरच. सिनेमा लागला तेव्हा तो मुलाखतीत म्हणाला की रिकाम्या जाजमाचा प्रसंग त्याला सेटवर अचानक सुचला. सुचू दे. कुडाळच्या थिएटरात तो प्रसंग आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत वाडीतल्या त्या तीन मुली बसल्या होत्या. त्यांच्यातली एक पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पेटीची बोटं वाजवत होती. निनादला तेवढ्यासाठी सगळं माफ. सिनेमात आवाज पुण्याच्या गायिकेचा आहे, तिने ती बारी नंतर नव्याने म्हटली आणि चांगली म्हटली.

सिनेमात जे नाही ते इथे लिहून ठेवते, कारण ते दुसऱ्या कोणाच्या वहीत नाही.

हा सगळा वाद मांडवाच्या दारात चालू होता, आवाज चढलेले होते, आणि त्या गडबडीत आमच्या उशिरा लक्षात आलं की पडद्यामागचं भजन थांबलेलंच नाही. निनादने कट म्हटलं तेव्हा नटी थांबली होती, कॅमेरा थांबला होता. पखवाजवाला थांबला नव्हता आणि द्वारकाबुवा गौळण संपवून गजराला आल्या होत्या. निनाद पडद्याशी गेला. चिडलेला होता, तरी वाकून, हळू आवाजात म्हणाला, “बाई, कट झालं.”

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. भाता ओढणारा हात चालूच.

“कट तुझो झालो, झिला. माझी बारी खंय संपली?”

आणि पुढची ओळ उचलली. दारातल्या कोरसवाल्यांनी, जाजमाबाहेर उभं राहूनच, ती झेलली. या वेळी त्यांना कोणी अडवलं नाही. आवाजवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, त्याचं यंत्र अजून सुरूच होतं. मी घड्याळात वेळ बघितली, रिपोर्टच्या रकान्यात लिहिली, आणि तिच्यापुढे लिहिलं: ‘चालू आहे.’